ब्लाउजचा मुंढा आणि कमलाची खुर्ची

लिहून ठेवणार : देवकाबाई भ्र. चंद्रभान भोयर, वय ६७, निवृत्त शिवणशिक्षिका, राहणार आंजी (मोठी), जिल्हा वर्धा. माझे डोके शाबूत आहे, सुईत दोरा अजून बिनचष्म्याने ओवते, आणि पुढील मजकूर कोणी भरीस घातले म्हणून लिहीत नाही.

१. राहते घर आणि पोस्टातली शिल्लक पुतणी शकुंतला हिला. तिच्या नवऱ्याने घर विकायचे नाव काढू नये.

२. शिलाई मशीनही शकुंतलालाच. तेल वेळेवर घालावे.

३. आमच्या हायस्कूलचे सुतारकाम मास्तर बंडूजी झाडे यांना माझ्याकडून काहीही मिळणार नाही. कारण लिहिते. शाळेत मुलींना शिवण आणि मुलांना सुतारकाम, अशी वाटणी होती. १९७२ साली नववीतली कमला प्रेमदास थूल माझा तास सोडून यांच्या शेडमध्ये जाऊन बसू लागली. तिच्यासारखा हात अख्ख्या वर्गात कोणाचा नव्हता. मी तक्रार केली, तर हेडमास्तर म्हणाले, "जाऊ द्या ना बाई, पोरगी शिकून राह्यली." शेडमधून रंध्याचा आवाज आला की माझी टीप वाकडी जायची. सहामाहीत मी तिला शिवणात नापास केले. ती पास होण्यासारखी होती. मला सहन झाले नाही, हे आज कबूल करते.

४. कमला पुढे नागपूरला कलेच्या कॉलेजात शिकली. आता पुण्यात स्वतःच्या कल्पनेच्या खुर्च्या करते. यंदा दिवाळीत पेपरात तिचा फोटो आला. खाली छापले होते, 'माझे गुरू बंडूजी सर.' तीन दिवस मला जेवण गेले नाही. फोटोतल्या खुर्चीच्या पाठीचा बाक मी बघताक्षणी ओळखला. तो ब्लाउजचा मुंढा आहे, जिथे बाही बसते तिथला. तो मी शिकवला. नाव मात्र यांचे. म्हणून कमलालाही काही नाही.

५. साक्षीदार म्हणून मी मुद्दाम बंडूजींनाच बोलावले. कलम तीन त्यांनी आपल्या डोळ्यांनी वाचावे, एवढाच हेतू. त्यांनी सगळे वाचले आणि म्हणाले, "खरं हाय बाई. मले सरळ लाकूडच येते. पयल्या स्टुलाचा बाक तिले काई केल्या जमेना. मंग ती तुमच्या वर्गाच्या खिडकीखाली बसून आयकत जाय. मुंढा बेतायचा कागद लाकडावर ठेवून बाक कापला तिनं."

मी विचारले, "मंग तिनं मले काऊन नाई सांगितलं?"

"तुमी नापास केलतं तिले. भेव वाटे."



६. कलम चारचे शेवटचे वाक्य रद्द. माझे बेताचे सगळे कागद कमलाचे. दुसरे साक्षीदार रूपरावजी म्हणतात, मृत्युपत्रातले माणूस गेल्यावरच मिळते. माझ्या मृत्युपत्रात तसे नाही. तिने मी जिवंत असताना यावे आणि माझ्या हातून न्यावेत. शिवणात ती पास आहे, हे मला तिच्या तोंडावर सांगायचे आहे. तिचा पत्ता बंडूजींकडे आहे. तो त्यांनी आजच द्यावा. कार्ड मी टाकीन, त्यांनी टाकू नये.

ठिकाण : आंजी (मोठी)
दिनांक : १६ नोव्हेंबर १९८६

सही : देवकाबाई भोयर

आमच्यासमोर सही केली :
१. बंडूजी झाडे, निवृत्त सुतारकाम शिक्षक
२. रूपराव कोल्हे, निवृत्त पोस्टमास्तर