माहितीदाता क्र. ७ यांस

औरंगाबाद,
२४ मार्च १९९४

तीर्थरूप मल्हारमामा आणि मंजुळामामी,

भाचा सोनाजी याचा दोघांच्याही पायांवर डोकं ठेवून नमस्कार. इकडं तुमची सून पुतळा आणि मुली खुशाल आहेत. माझा खोकला फाल्गुनाबरोबर आला, बहुधा त्याच्याबरोबरच जाईल. मामा, तुमचा गुडघा आता कसा आहे? मामींनी एरंडाचं पान बांधायला सांगितलं होतं, ते खरंच बांधता की नुसतं "बांधलं" म्हणता? यंदा कोकरं किती झाली, लांडग्यानं त्रास दिला का, काळ्या कुत्रीचा पाय बरा झाला का, हे सविस्तर कळवावं. तुमचा तळ सध्या कोणत्या शिवारात आहे ते ठाऊक नसल्यामुळं हे पत्र अजिंठ्याला धोंडिबाच्या किराणा दुकानावर पाठवतो आहे. बाजाराच्या दिवशी तुम्ही उतरलात की मिळेल. ते मामींनीच वाचून दाखवावं, दुसऱ्या कोणी नाही. (धोंडिबा, हे तू वाचतो आहेस, हे मला माहीत आहे. निदान इथून पुढं तरी बंद कर.)

तुमचं कार्ड पोचलं. त्यात एकच वाक्य होतं, "नाव छापून आलं का?" आणि खाली तुमची उर्दूतली सही. निजामाच्या काळात दोन वर्षं शाळेत गेलात त्याची तेवढीच खूण उरली आहे, पण सही अशी झोकदार आहे की इथल्या पोस्टमननं ते कार्ड मला देण्याआधी शेजारच्या तीन घरी दाखवलं. त्याच कार्डाच्या कडेला धोंडिबानं स्वतःच्या अक्षरात भर घातली आहे, की मामांचं नाव पुण्याच्या पुस्तकात येणार हे सगळ्या बाजाराला कळलं आहे, आणि आषाढात मेंढरं परत आली की नानासाहेब पाटील गावच्या चावडीपुढं तुम्हाला फेटा बांधणार आहेत. हे वाचल्यापासून मला जेवण गोड लागेना. का, ते सांगण्यासाठीच हे पत्र. जरा लांबेल, पण मामा, तुम्ही मेंढरामागं दिवसाला पाच कोस चालता, तुम्हाला चार पानांचं काय!

मागल्या उन्हाळ्यात मी आठ दिवस तळावर येऊन राहिलो होतो, ते आठवत असेलच. (मामी, त्या आठ दिवसांत मी संपवलेल्या भाकरी अजून माझ्या लक्षात आहेत.) मला लेख लिहायचा होता तो एवढ्यावरच, की आपल्या मेंढपाळांची मुलं दिवाळीनंतर शाळेतून गायब का होतात. अकरा जणांना मी प्रश्न विचारले. प्रश्न कॉलेजात बसून केलेले होते, त्यामुळं तुम्हा लोकांना त्यातला एकही कळला नाही. "आपल्या पाल्याच्या औपचारिक शिक्षणाविषयी आपली अभिवृत्ती कशी आहे?" असं मी विचारलं, तेव्हा कचरूनं "बरी हाय, तुमची?" असं उत्तर दिलं होतं. मग तुम्ही पुढं झालात आणि म्हणालात, "सोना, ते कागद ठिव बाजूला. शाळा एका जागी बसती. मेंढरू बसत नाय. आता पोरगं कुनाच्या मागं जाईल, तूच सांग." त्यानंतर तुम्ही दीड तास बोललात, मी लिहीत राहिलो. फिरती शाळा कशी असावी, मास्तर कसा निवडावा, कोणत्या महिन्यात पाढे शिकवावेत आणि कोणत्या महिन्यात शिकवूच नयेत, सगळं. उठताना तुम्ही अट घातलीत. "आमची नावं येतील ना? नाव नसंल तर आमी बोललो कशाला?" आणि मी सगळ्यांच्या देखत देवाचा भंडारा उचलून शब्द दिला, की अकराच्या अकरा नावं छापून येतील.

मामा, भंडारा उचलण्याआधी मी त्या त्रैमासिकाचे नियम वाचले नव्हते. चूक माझी.

हे त्रैमासिक पुण्याहून निघतं आणि शिक्षणशास्त्रात त्याला मान आहे. (म्हणजे ते वाचतं फारसं कोणी नाही, पण त्यात छापून आलं की वाचल्यासारखं सगळे बोलतात.) त्याचे नियम अर्ध्या पानात बसतात, पण पाळायला मला सात महिने लागले. कागदाच्या एकाच बाजूला टाइप करावं. दोन ओळींत दुप्पट अंतर ठेवावं. तीन प्रती पाठवाव्यात. लेखकाचं नाव वेगळ्या पानावर असावं आणि आत कुठंही येऊ नये, कारण लेख तपासणाऱ्याला तो कोणाचा आहे हे कळता कामा नये. शब्द तीन हजार. माझे झाले होते साडेनऊ हजार, त्यातली दोन पानं नुसती आभाराची, तुमच्या तळापर्यंत मला आणणाऱ्या एस. टी.च्या कंडक्टरपासून. आणि शेवटचा नियम असा, की ज्यांच्याकडून माहिती घेतली त्यांची नावं गुप्त ठेवावीत, त्यांना क्रमांक द्यावेत.

मी आमचे प्राचार्य तात्यासाहेब यांना विचारलं, की माहिती सांगणाऱ्यांनाच नावं हवी आहेत, तर गुप्त कोणापासून ठेवायची? तात्यासाहेब सावध गृहस्थ आहेत. पाऊस पडतो आहे का, असं विचारलं तरी ते "तसं म्हणता येईल" म्हणतात. ते म्हणाले, "नियम आहे, सोनाजीराव." आणि मग मामा, तुम्ही क्रमांक सात झालात. क्रमांक मी वहीत नावं आली त्या ओळीनं दिले. कचरू चहाच्या वासानं सगळ्यांत आधी येऊन बसला होता, म्हणून तो क्रमांक एक. हे त्याला कृपा करून कळू देऊ नये. तुमच्या दोघांच्या चराईच्या भांडणात माझ्यामुळं भर नको.

पुढं टायपिंग. ही गोष्ट सोपी वाटेल, पण वाळूजला कारखाने आल्यापासून या शहरात मराठी टाइप करणारं माणूस मोकळं सापडत नाही. ज्याची बोटं चालतात तो कंपनीत. शेवटी औरंगपुऱ्यात एका जिन्याखालच्या इन्स्टिट्यूटमध्ये आशाबाई भेटल्या. दिवसभर त्या एका कारखान्याची परिपत्रकं टाइप करतात आणि उरलेल्या वेळात माझ्यासारख्यांचं दुःख. हात स्वच्छ, वेग भरपूर, फक्त परिपत्रकाची सवय बोटांत मुरलेली. मुलं शाळेत येत नाहीत, असं मी लिहिलं होतं. त्यांनी "मुले विनापरवाना गैरहजर राहतात" असं केलं. आणि शेवटच्या ओळीखाली "तरी सर्व संबंधितांनी याची नोंद घ्यावी" हे आपल्या मनानं घालून दिलं.

पण खरी गोष्ट पुढंच आहे. प्रती हातात आल्या तर आत सगळीकडं "श्री. माहितीदाता क्र. ७ असे म्हणाले", "सौ. माहितीदाता क्र. ४ यांच्या मते". मी विचारलं, तर आशाबाई म्हणाल्या, "सर, वयानं मोठी माणसं ती. नुसतं 'क्रमांक सात' असं कसं म्हणायचं? कारखान्यात मशीनला म्हणतात तसं." आधी त्यांनी सगळ्यांची खुशाली विचारली होती, तेव्हा सारजाआजी श्रावणात गेल्याचं मी सहज बोललो होतो. म्हणून पान नऊवर "कै. माहितीदाता क्र. ३" असं होतं. मी हसलो, आणि मग हसणं थांबलं. भंडारा उचलताना सारजाआजी अगदी समोर बसल्या होत्या, आणि आपलं नाव नीट लिहिलं आहे ना, हे त्यांनी मला दोनदा वाचायला लावलं होतं.

श्री., सौ. आणि कै. काढून पुन्हा टाइप करून घ्यावं लागलं. तोवर जानेवारी उजाडला. चौकाचौकांत पोलीस, शहागंजात निम्मी दुकानं अर्धी उघडी, आणि विद्यापीठाच्या नावाचं काय होणार, ही एकच चर्चा. चौदा तारखेला नाव बदललं. आता माझ्या पहिल्या पानावर कॉलेजच्या खाली विद्यापीठाचं जुनं नाव डिसेंबरातच टाइप झालेलं. तात्यासाहेबांनी सल्ला दिला, की वातावरण निवळेपर्यंत नुसतं "विद्यापीठ" एवढंच ठेवावं. आमच्या ग्रंथालयातला कडुबा तिथंच उभा होता. हा माझ्याहून चार वर्षांनी लहान. विद्यार्थी असताना नामांतरासाठी चाललेल्या मोर्च्यांत पायाला फोड येईपर्यंत चाललेला, तुरुंगही बघून आलेला. अठ्ठ्याहत्तर साली त्याच्या वस्तीवर काय गुजरलं ते तो सांगत नाही, आणि आम्हीही विचारत नाही. त्याच्या हातात पेढ्यांचा पुडा होता. तो तात्यासाहेबांसमोर धरून तो मला म्हणाला, "सर, ह्या नावासाठी सोळा वर्षं गेली. तुमच्याच्यानं एक ओळ होईना व्हय?"

तात्यासाहेबांनी पेढा घेतला आणि "तसं म्हणता येईल" म्हणाले. कडुबा माझ्याबरोबर औरंगपुऱ्यात आला, आशाबाईंच्या शेजारी उभा राहिला आणि पूर्ण नाव एकेक अक्षर बघत टाइप करून घेतलं. ते एका ओळीत मावेना. आशाबाईंनी विचारलं, आखूड करू का? तो म्हणाला, "नाय ताई. दोन ओळी घ्या. चार घ्या." मग त्यानं सहज आतली पानं चाळली, आणि मला विचारलं, "सर, भाईर एवढं मोठं नाव, आन् आतमधी सगळे नंबरच?"

मी पानं जुळवून पाकिटात घातली. रजिस्टर पोस्टानं लेख पाठवून दिला.

गेल्या आठवड्यात पुण्याहून उत्तर आलं. दोन तपासनिसांनी लेख वाचला आहे. पहिल्यानं लिहिलं आहे, "पृष्ठ २ ते १४ वरील लेखकाचे विवेचन अनावश्यक असून ते वगळावे. माहितीदाता क्र. ७ यांचे म्हणणे मात्र जसेच्या तसे ठेवावे." दुसऱ्यानं लिहिलं आहे, "माहितीदाता क्र. ७ यांची फिरत्या शाळेची योजना मौलिक आहे. त्यांचे शिक्षणशास्त्रातील प्रशिक्षण कोठे झाले, याचा खुलासा व्हावा." हे वाचून मी लेख पुढ्यात घेतला आणि सांगितलं तेवढं खोडत गेलो. शेवटी माझं म्हणून उरलं ते शीर्षक आणि संदर्भसूची. (शीर्षकही बदलावं, असं एकानं सुचवलं आहे.)

कडुबाला दाखवलं. त्यानं दोन्ही कागद शांतपणे वाचले आणि म्हणाला, "माहिती देनाऱ्याचं नाव लपवायचा नेम हाय. लिव्हनाऱ्याचं तर छापतेतच ना? मंग सातनंबरी मामाला लेखक करा की."

मामा, सात महिने मी त्या नियमाकडं पाहत होतो आणि मला हे दिसलं नव्हतं. संपादकांना लगेच पत्र टाकलं. काल त्यांचं कार्ड आलं. त्यांची हरकत नाही. तेव्हा आता तुम्ही माहितीदाता नाही, लेखक आहात. बाकीच्या दहा जणांची नावं ऋणनिर्देशात, म्हणजे शेवटच्या आभारात, पूर्ण येतील. त्यात सारजाआजींचंही आहे. आभारात कोणाला क्रमांक द्यावा, असा नियम नाही, हे मी या वेळी आधी वाचून घेतलं. दिलेला शब्द मी वाकड्या वाटेनं का होईना पाळला, एवढं मनात आणून झालेल्या उशिराची माफी करावी. नानासाहेबांना फेटा आणायला हरकत नाही, असं कळवावं.

मामींना पुन्हा नमस्कार. उन्हात फार हिंडू नये.

तुमचा,
सोनाजी

ता. क. १. सोबत एक छापील कागद आहे. त्यावर प्रत्येक लेखकाची सही लागते. उर्दूतली चालेल, मी विचारून घेतलं आहे. "शैक्षणिक पात्रता" या रकान्यात खानेसुमारीवाल्याला "मेंढरं मोजता येतात" असं सांगितलं होतं, ते लिहू नये, रकाना कोरा सोडावा. "संस्था" या ठिकाणी मामींनी "फिरती" एवढंच लिहावं. कागद दहा एप्रिलच्या आत मला मिळाला नाही तर लेख पुढच्या वर्षावर जाईल.

ता. क. २. एक लहानशी गोष्ट. आपल्यात वडीलधाऱ्यांचं नाव आधी लिहितात, हे मला ठाऊक आहे आणि मान्यही आहे. पण इथं कॉलेजात विभागप्रमुखाची जागा निघाली आहे, आणि निवड समिती ज्याचं नाव लेखावर पहिलं असतं त्याचाच तो लेख धरते. तेव्हा त्याच कागदाच्या मागं मामींकडून "माझ्या भाच्याचं नाव आधी छापावं, माझी राजीखुशी आहे" असं लिहून, खाली सही करून पाठवाल का? फेटा पहिल्या नावालाच बांधतात असं काही नाही.

ता. क. ३. पाकीट बंद करण्याआधी पुतळानं हे पत्र वाचलं. ती म्हणाली, "मेंढरं मामांची, बोलणं मामांचं, टायपिंग आशाबाईंचं, तोडगा कडुबाभाऊंचा. तुम्ही काय केलं?" मी म्हणालो, तीन प्रती. त्यावर तिनं हातात पेन दिलं आणि ता. क. २ खोडेपर्यंत समोरून हलली नाही. त्यामुळं ते खोडलं आहे, असं समजावं. मात्र एकाच रेघेनं खोडलं आहे आणि शाईही फिकी आहे. कागद उजेडाकडं धरला तर मामींना वाचता येईल.