हळदीखालचा हात

प्रिय ज्ञानदा,

नागपूरला आधीच उकडत असेल, त्यात हे पत्र म्हणजे शेकोटी. मेडिकल कॉलेजातली मास्तरकी सोडून मी घोटावड्यात वांगी लावतो, ही कीर्ती तुझ्यापर्यंत पोचली असेल. वांगी किडली. म्हणून पुन्हा माणसांकडे वळलो.

गेल्या आठवड्यात तुकाबाई आली. रिह्याच्या माळावर मेंढरं राखते. गळा चिरून मेलेली उज्वला, जिच्या अहवालात तू नागपूरला बदली व्हायच्या आधी ‘आत्महत्या’ असं मत दिलंस, ती हिची थोरली मुलगी. तुकाबाई रडली नाही. एवढंच म्हणाली, “डाक्टर, बकरं पाडायचं म्हणलं तरी माझी उजी गोठ्यामागं जाऊन बसायची. तिनं सवताचा गळा कसा कापला आसंल?” असला युक्तिवाद कोर्टात टिकत नाही, असं मी तिला सांगितलं. आणि ती गेल्यावर तिच्या वकिलाकडून तुझा अहवाल नि फोटो मागवले.

मोठ्या जखमेशेजारी दोन उथळ रेघा. धीर गोळा करताना हात कचरला, असं तू लिहिलंस. वाक्य सुबक आहे, पुस्तकातलंच. पण बाई, कुणी केस धरून डोकं मागं खेचलं की माणूस मान सोडवायला बघतो, तेव्हाही पातं असंच घसरतं. शिवाय पोलिसांनी जप्त केलेल्या तिच्या लुगड्याचा पदर गळ्यापाशी कापलेला आहे. स्वतःच्या जिवावर उठलेला माणूस बहुधा आधी कापड बाजूला सारतो. मरतानाही आपण नीटनेटके असतो.

मग तळहाताचा फोटो. पोलीस यायच्या आत घरच्यांनी तिला न्हाऊ घातलं, सवाष्ण म्हणून मळवट भरला, हात हळदीनं माखले. सासू गोजराबाईनं तुझ्यापुढं हात जोडले म्हणे, “सवाष्ण हाय, हळद पुसू नका.” तू पुसली नाहीस. प्रत्यक्ष समोर असताना अनुमानाच्या दारी जाऊ नये, हे न्यायशास्त्राचं सूत्र मी वर्गात तुमच्याकडून वर्षभर घोकून घेतलं होतं. तुझ्या आईचे संस्कार त्याहून पक्के निघाले. आता भिंग घे. चारही बोटांवरून, चिरेत हळद साचावी तशी, एक जाड पिवळी रेघ गेली आहे. कुठलीच भाग्यरेषा अशी जात नाही. स्वतःच्या बोटांवर तशीच रेघ ओढून मूठ मिटून बघ, ती सलग होते. उज्वलानं पातं धरलं होतं, ज्ञानदा. हाडापर्यंत बोटं चिरत कुणीतरी ते मुठीतून ओढून काढलं, आणि मग गळ्याला लावलं. त्या घरात तेव्हा नवरा बहिरू आणि गोजराबाई, दोघंच होती. हळद श्रद्धेची की शहाणपणाची, ते कोर्ट ठरवील.

त्यांच्यात पुरायची रीत आहे, म्हणून ती अजून मातीत आहे, आणि बोटांच्या हाडांवर पात्याची खूण राहिली असेल. सोमवारी तहसीलदारांसमोर उकरणार आहेत. मला बोलावलंय. पण तो हात मी धुतला तर तुझी चूक सापडेल, तू धुतलास तर फक्त सत्य सापडेल. म्हणून ये. थांबायला वेळ नाही. आत्महत्याच म्हटल्यावर भावकीला वावगं दिसेना, आणि बहिरूनं उज्वलाच्या धाकट्या बहिणीला, शारदेला, मागणी घातली. पुढच्या शुक्रवारी तिची हळद आहे.

तुझाच,
(तुम्ही पोरं पाठीमागं म्हणायचात तो) बंडोपंत