सपाट माथ्याचे श्वास

लाँसेस्टन, १४ जून

प्रिय लोर्ना,

दहा महिन्यांत मी तुला चार वेळा फोन केला आणि चारही वेळा थंडी, मेंढरं आणि तुझा गुडघा एवढंच बोलून ठेवून दिला. तोंडानं जमत नाही, म्हणून आज लिहायला बसले आहे.

डेस झोपेच्या तपासणीला आमच्या दवाखान्यात आला तेव्हा तूच त्याला सोडायला आली होतीस. आमच्याकडे येणारी माणसं बहुधा जाडजूड, घोरून घर डोक्यावर घेणारी. तुझा नवरा तर काटकुळा. नाकाशी नळी लावून घेताना मला म्हणाला, “हेझल, ही बया मला आळशी म्हणते. तुझ्या मशीनकडून एक दाखला दे, म्हणजे घरात माझी इज्जत राहील.” तू दारातूनच ओरडलीस, “आळशीपणाचाच दाखला मिळेल तुला!” किती हसलो आपण तिघं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याची नोंद वाचायला घेतली. माणूस श्वास आत घेतो तेव्हा पडद्यावर एक गोल टेकडी उमटते. डेसच्या टेकड्यांचे माथे सपाट होते, सुरीनं कापल्यासारखे. गळ्यातली वाट बंद होत नव्हती, अरुंद होत होती; कितीही जोर लावून ओढलं तरी हवा तेवढीच. असे पंचवीसेक सपाट श्वास, मग मेंदू दचकून जागा, दोन श्वास गोल, की पुन्हा सपाट. रात्रभर हेच. त्याला यातलं काही कळत नसणार. सकाळी फक्त अंग ठेचून निघाल्यासारखं वाटत असणार.

पण आमच्याकडे मोजतात ते थांबलेले श्वास. त्याचे तासाला चार भरले, आणि पाचाच्या आत असलं की माणूस ठीक. रक्तातला प्राणवायूही घसरला नव्हता. तरी मी अहवालाखाली एक ओळ लिहिली होती: श्वासांचे माथे सपाट दिसतात, पुन्हा पाहावं. आमचे डॉक्टर म्हणाले, “आकड्यात बसत नाही ते लिहून लोकांना कशाला घाबरवतेस? काढ ते.” मी काढलं. वाद घातला नाही. त्या दिवशी आणखी नऊ नोंदी वाचायच्या होत्या, हे कारण मी स्वतःला पुष्कळदा देऊन पाहिलं आहे.

अहवाल हातात पडल्यावर तू फोनवर म्हणालीस, “बघ, काही झालेलं नाही त्याला. नुसतं रडगाणं.” मी हो म्हटलं. मग गावच्या डॉक्टरनं त्याला उदासीच्या गोळ्या दिल्या. आणि ऑगस्टात, भर दुपारी, सरळ रस्त्यावरून त्याचा दुधाचा टँकर झाडावर जाऊन आदळला. ब्रेक मारल्याची खूणसुद्धा नाही. गावानं त्या गोळ्या पाहिल्या, तो रस्ता पाहिला आणि काय ते ठरवून टाकलं. तूही ठरवलंस. दफनानंतर तुझ्या स्वयंपाकघरात कप विसळताना म्हणालीस, “त्या सकाळी मी त्याला म्हटलं, असा मेल्यासारखा पडून राहण्यापेक्षा मर तरी एकदाचा. त्यानं ऐकलं माझं, हेझल.” मी शेजारीच उभी होते, कप पुसत. तेव्हाच बोलायला हवं होतं. मी पुढचा कप उचलला.

मंगळवारी कॉरोनरपुढे त्याच्या मृत्यूची चौकशी आहे आणि मी साक्षीला नाव दिलं आहे. ती नोंद मी पुन्हा काढून श्वासन् श्वास मोजली. तासाला एकतीस वेळा त्याची झोप मोडत होती. हे सांगणार आहे, आणि काढून टाकलेल्या ओळीचंही सांगणार आहे. नोकरी बहुतेक जाईल. पण तू हे भर कोर्टात, परक्या लोकांच्या देखत पहिल्यांदा ऐकावंस, ते मला नको होतं. त्याच्या मनात काय होतं ते कुणीच सिद्ध करू शकणार नाही. एवढ्या मोडक्या झोपेवर माणसाचा भर दुपारी गाडी चालवताना डोळा लागतो, एवढं मात्र मी शपथेवर सांगू शकते. तो तुझ्या बोलण्यानं गेला नाही, लोर्ना. त्याला झोप लागली. आणि ती कधीतरी लागणार, हे मला दिसलं होतं.

अजून म्हणू देणार असलीस तर,
तुझीच,
हेझल