शिट्टी आधी वाजली

प्रिय निहार,

परत तेच लिहिलंस. माझी आई गस्तीची काठी घेऊन उन्हात वाडीभर फिरते आणि मी इथे वेरावळला बर्फाच्या कारखान्यात गार बसलोय म्हणे. लाद्या काय आपापल्या चालत गाडीत चढतात? आणि घरटी एक माणूस हा नियम वाडीप्रमुख लवूकाकाचा, माझा नाही. आईला राहू दे म्हटलं तर तीच ऐकत नाही. मला शिव्या घाल, चालेल. पण 'तू होतास तेव्हा गस्त नीट होती' असं पुन्हा लिहू नको. ते वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही.

आपल्याकडे चोर दुपारचा. पुरुष समुद्रावर, बायका मासळी घेऊन बाजारात. दोन घरं फुटली तेव्हा ही गस्त लागली. अनोळखी दिसला की आधी विचारायचं, कोणाकडे आलास, मग शिट्टी. त्या दिवशी पाळी माझी. ओल्या कपड्यातला एक माणूस तुमच्या पडवीत दार ठोकत होता. मी विचारलं नाही. शिट्टी फुंकली.

तू दापोलीला कॉलेजात, तुला ऐकीव तेवढंच माहीत. घरी असलेले म्हातारे नि पोरं धावली, त्याला माडाला बांधला. लवूकाकाने माझ्या पाठीवर हात ठेवला, म्हणाला, यमुनाबाईच्या पोराने वाडी राखली. सातवीत शाळा सुटल्यापासून मला असं कोणी म्हटलं नव्हतं. तो मार खात होता, बोलत होता, तळवा पालथा करून दाखवत होता. हिंदी येत नव्हती त्याला. दीड तासाने पोलिसांनी बंदरावरचा एक नेपाळी आणला, तेव्हा उलगडलं. तुझ्या बाबांच्या बोटीवरचा चार दिवसांचा नवा खलाशी, पदम. बोट उलटली म्हणून पोहत येऊन तुमच्या घरी सांगायला आला होता. मग होड्या गेल्या, तेव्हा दोन खलाशी फळीला धरून जिवंत मिळाले. तुझ्या बाबांचा हात अर्ध्या तासापूर्वीच सुटला, असं ते म्हणाले.

इथे खोलीतला पोरगा भाकरी परतायला हात पालथा करतो, मी उठून बाहेर जातो. दुपारचं दार वाजतं, उघडावं तर कोणी नाही. आता मी ते उघडंच ठेवतो.

वाडी म्हणते, त्याची भाषा कोणालाच कळली नाही. खोटं आहे. मी दोन हंगाम आंब्याच्या बागेत नेपाळी राखणदारांबरोबर राहिलोय. होडी उलटली, असं तो म्हणतोय, हे मला पहिल्या खेपेलाच कळलं होतं. पण लवूकाकाचा हात अजून पाठीवर होता. तो हात निघेल म्हणून मी बोललो नाही. एवढंच सांगायला हे पत्र. तुझ्या आईला सांगायचं की नाही ते तू ठरव.

अजून म्हणू देशील तर, तुझाच
सुजय

ता. क. पुढच्या सोमवारी तुझ्या बाबांचं वर्षश्राद्ध. त्यासाठी सहा हजार धाडतोय. सहा हजार धाडतोय.