नज म्हणजे कोपरखळी नव्हे

प्रिय श्रिया,

हे पत्र शेजारच्या यज्ञेशच्या हाती देतोय. तो मुलाखतीसाठी पुण्याला येतोय, सोबत काजूही पाठवलेत. पत्र बघून तुझ्या कपाळाला आठी पडली असणार, कारण आठ महिन्यांत आपण एकमेकांशी बोललेलो नाही. मुद्द्यावर यायला मी फार वळसे घेतो हे तूच मला सुनावलं होतंस, म्हणून या वेळी आधी मुद्दा. तुझी आई बोलत नाही. रुसून नव्हे. तिला अर्धांगवायूचा झटका आला, आज एकोणीस दिवस झाले. चालते, जेवते, समजतं सगळं. उजवा हात जरा मंद आहे. पण शब्द ओठापर्यंत येतो आणि मागे फिरतो. यज्ञेशवर रागावू नकोस. सगळ्यांना मीच बजावलं होतं की श्रियाला मी स्वतः सांगणार, मध्ये कोणी बोलायचं नाही. आणि मग मी सांगितलंच नाही.

कसं झालं तेही ऐक. सकाळी ती घावणे घालत होती. पळी हातातून निसटली, पीठ ओट्यावर सांडलं आणि ती 'घा, घा' करायला लागली. तुझ्या बापाने काय करावं? पेपरातून डोकं न काढता मी म्हटलं, ‘काय गो विनीता, आज कावळ्यांक आवतण?’ दोन मिनिटं, बाय. दोन मिनिटं मी माझ्याच विनोदावर खूश होतो. हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, प्रेशर शेवटचं कधी तपासलं होतं? मी इंग्रजीचा मास्तर, तीस वर्षं मुलांना प्रश्नांची उत्तरं पूर्ण वाक्यात द्यायला शिकवलं, आणि मी नुसतं तिचं वय सांगितलं.

कारण उत्तर तुझ्याकडे होतं. तू लिहिलं होतंस, ‘बाबा, जस्ट अ जेंटल नज, आईचं प्रेशर तपासून आणा.’ आठवड्याने परत तेच. तिसऱ्यांदा पुढे हसरा चेहराही लावला होतास. मला त्या ‘नज’चा राग आला. वाटलं, पुण्यात ऑफिसात बसून पोरगी बापाला स्मरणपत्रं धाडते. डिक्शनरीत बघितलं: लक्ष वेधण्यासाठी कोपराने हलकेच स्पर्श करणे. कोपर म्हटल्यावर मला एकच शब्द दिसला, कोपरखळी. माझा धंदाच तो. त्या रविवारी पेपरातल्या माझ्या विनोदी सदरात लिहिलं, ‘आमच्या कन्येची कोपरखळी’. आपल्या भाषेत ढोसणं आहे, डिवचणं आहे, टोचणं आहे, ढकलणं आहे, पण हळूच कोपर लावून ‘बघ हां’ म्हणण्याला शब्दच नाही, कारण आपल्याला गरजच पडत नाही, आपण थेट शिव्या देतो, असा माझा सिद्धांत. मालवणच्या बाजारात लोक आठवडाभर हसले. मासळीवाल्या सत्यवानाने सुरमई कापता कापता मला कोपर मारलं नि म्हणाला, ‘घेवा मास्तर, जंटल नज!’ तू मेसेज करणं बंद केलंस. प्रेशर कोणीच तपासलं नाही.

आणि गंमत बघ, घरात तो शब्द अठ्ठावीस वर्षं माझ्या शेजारी बसत होता. लग्नाच्या पंगतीत मी कुणाच्या जावयाची फिरकी घ्यायला लागलो की आईचं कोपर माझ्या कोपराला लागायचं. जोरात नाही. पदर सावरताना लागावं तसं. मी गप्प व्हायचो, कधी नाही व्हायचो. तळेऱ्याला तुझ्या मामाच्या मेहुणीच्या लग्नात तर मुळीच झालो नाही, नि ती मंडळी अजून आपल्याकडे येत नाहीत.

आता दुसरं, याहून वाईट. गेल्या एकोणीस दिवसांत आईच्या फोनवरून तुला आलेले मेसेज माझे आहेत. ‘मी बरी आहे गो, पावसाची वाळवणं आवरतेय, आवाजाला जरा सर्दी आहे म्हणून फोन नको.’ वाळवणं श्रावणात कोण आवरतं, हे तरी तुझ्या लक्षात यायला हवं होतं. तू मागून लिहिलंस, ‘आई, तू आल्याचा रस घे, मला तुझी आठवण येते.’ ते मी वाचलं. ते माझ्यासाठी नव्हतं. तरी त्याला मी उत्तर दिलं.

कुडाळहून तन्वी नावाची मुलगी आठवड्यातून दोनदा येते, वाचा परत शिकवणारी. चित्र दाखवते, वाट बघते. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, ‘काका, शब्द द्यायचा नाही. पहिला आवाज द्यायचा आणि थांबायचं. नज करायचं, बस.’ ऐकलंस? तोच शब्द उंबरा ओलांडून परत घरात आला. मी प्रयत्न केला, देवाशपथ. आई ‘म’ म्हणाली. मी तीन आकडे मोजले असतील. मग सुटलोच: माठ? मांजर? मोदक? मालवण? म्युनिसिपालटी? तिने डावा हात उचलला आणि स्वतःच्या तोंडावर ठेवला. तेव्हापासून माझ्यासमोर तिने तोंड उघडलेलं नाही. तन्वी म्हणते पहिले तीन महिने फार मोलाचे, या दिवसांत बोललं तर बोललं. मी दिवस मोजतो. दाढी करताना मोजतो, वर्गात फळ्याकडे तोंड करून मोजतो.

काल शाळा लवकर सुटली. शेजारची काशीबाई आईपाशी बसली होती, मी मागच्या दारात चप्पल काढत होतो. काशीबाई विचारत होती, ‘वैनी, आमटीत काय कमी आसा गो?’ आणि गप्प बसली. खूप वेळ. तिला घाई नव्हती, तांदूळ निवडत होती. आणि श्रिया, आई बोलली. ‘मीठ.’ मग थोड्या वेळाने, ‘मीठ घाल.’ मी धावत आत गेलो, रडत, हसत, ‘काय म्हणालीस, परत म्हण!’ तिने माझ्याकडे बघितलं आणि ओठ मिटले. काशीबाई मला म्हणाली, ‘भाऊनु, तुमी वायच भायर बसा.’ ती रागावली नव्हती. तशी ती कोंबडीलाही सांगते.

मी बाहेर बसलो आणि हे पत्र लिहायला घेतलं. मेसेज केला असता तर कोणाचा म्हणून तू वाचला असतास? माझं अक्षर तरी ओळखशील. तर ऐक. वाचा गेली ती रोगाने, पण माझ्यासमोर ती मिटलेली आहे ती माझ्यामुळे. अठ्ठावीस वर्षं तिची वाक्यं मी पुरी केली, आता तिला ती माझ्यासमोर सुरूच करायची नाहीत. मला माफ कर असं मी लिहिणार होतो, पण त्याने तिच्या तोंडून एकही शब्द येणार नाही. तू ये. माझ्यासाठी नको, रजा मिळेल तेवढी काढून तिच्याजवळ येऊन बस. तू लहानपणापासून कमी बोलतेस, त्याची मी चेष्टा करायचो, तेच आता तिला हवंय. वालावलला तुझ्या भाईकाकांशी माझं बोलणं झालंय, शाळेत रजेचा अर्ज दिलाय, पिशवी भरून दाराशी ठेवलीय. तू घरात आलीस की मी त्यांच्याकडे जाईन. परत कधी यायचं ते तिला सांगू दे, तिला लागेल तेवढा वेळ घेऊन. तिच्या वतीने तू मला काही कळवू नकोस.

तुझाच,
बाबा