लातूरहून पाठवलेले दोन डबे

लातूर, दि. ६ फेब्रुवारी १९८४

ती. ताईस निवृत्तीचा सप्रेम जय भीम, वि. वि.

तुझं पत्र पावलं. मुखेडला शेळी आटली, तुलाही पान्हा न्हाई, रतीबाचं दूध तर कुठंच मिळंना, हे वाचून जीव कळवळला. जिल्हा नवा, त्यामुळं आमच्या कचेरीत टेबलं कमी अन् कामं लई. तरी काल एक बरं झालं. बदली होऊन गेलेल्या साहेबांनी कॉफीत घालायच्या पावडरीचे दोन मोठे डबे मागं ठेवले होते, ते मी मागून घेतले. डब्यावर ‘डेअरी’ लिहिलंय, म्हणजे दूधच. मुखेडच्या गाडीत कंडक्टरजवळ देतोय, तूच जाऊन घे. कोमट पाण्यात कालवून विशाखाला पाज. भाची मामावर गेली असेल तर डबासुद्धा चाटून ठेवील! दाजी किनवटच्या कामावरून परतले की कळव.

तुझा,
निवृत्ती

मुखेड, ता. १९ मार्च

चि. निवृत्तीस पंचफुलाताईचा जय भीम.

विशाखाला पावडर लई गोड लागते, थेंब ठेवत न्हाई. आता अंग धरून राहिली बघ. गाल भरले, पावलं तर अशी गुबगुबीत की वाळे रुतून राहिलेत. शेजारची गुरम्मा विचारत होती, या दुष्काळात पोर कशी गं सुधारली. मी हसले नुसती. डब्याचं कळलं तर सगळेच मागायला येतील. एवढंच की आजकाल ती हसत न्हाई, रडतही न्हाई, पडून असते. ऊन लई हाय. तू वेळेवर जेवत जा.

तुझी ताई

मुखेड, ता. ८ एप्रिल

चि. निवृत्ती,

विशाखा परवा गेली. नांदेडच्या दवाखान्यात. तार करायचा धीर झाला न्हाई.

डॉक्टरीणबाईंनी तिच्या पावलावर बोट दाबलं, तर खड्डा पडला तो तसाच राहिला. म्हणाल्या, ही सूज आहे, बाळसं नव्हे. डबा वाचून म्हणाल्या की हे दूध न्हाईच. तेल अन् साखर, कॉफी पांढरी दिसावी म्हणून. लेकराच्या हाडामांसाला दुधातलं जे लागतं ते यात नसतं. पोट भरत होतं अन् पोर उपाशी होती.

तुझे दाजी आले. डबा कुणी आणला म्हणून विचारलं. मी म्हणाले, मीच नायगावच्या बाजारातून आणला. तवापासून ते माझ्याशी बोलत न्हाईत. बोलतील कधीतरी. तू मात्र काही सांगू नकोस. माहेर म्हणून मला तू एकटाच हायस. तुला हे दार बंद झालं तर मी कुणाची वाट बघू?

ताई

लातूर, दि. ११ एप्रिल

ती. व्यंकटी दाजींस निवृत्तीचा जय भीम.

ताईनं नायगावहून काही आणलं न्हाई. डबे मी पाठवले. त्यांच्यावर ‘नॉन-डेअरी’ असं छापलं होतं. मी मॅट्रिक झालेला माणूस. ‘नॉन’ म्हणजे नाही, एवढं मला येत होतं. पण दुधाचा शब्द दिसला अन् आनंदात मी पुढचं-मागचं वाचलं न्हाई. तिनं तुमच्या लेकीला पाजलं ते माझ्या शब्दावर.

हे सांगू नको म्हणून ताईनं बजावलंय. आजवर तिचा शब्द मी मोडला नव्हता. शनिवारी सकाळच्या एस.टी.नं येतो. मला दारातून परत लावलंत तरी माझी तक्रार न्हाई. पण त्याआधी ताईशी बोला. माझ्यावर लोभ ठेवा असं लिहायला हात धजत न्हाई. तो तिच्यावर ठेवा.

निवृत्ती