हळू म्हणालो होतो

२४ जानेवारी, शुक्रवार

उद्या पहाटे निघायचं! तमिळनाडूत अरियलूरजवळ, कराईच्या माळावर — शार्कचे दात शोधायला. दहा कोटी वर्षांपूर्वी तिथे समुद्र होता. भार्गवी नेतेय, ती कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवते. नियम तिचाच: दात दिसला की उपटायचा नाही, जागेवरूनच ओरडून बाकीच्यांना बोलवायचं.

गाडी तिचा चुलतभाऊ हयवदन चालवणार. ऑफिसात माझ्या शेजारी बसतो. यांचं घराणं तीनशे वर्षं बेंगळुरात, त्यामुळे मराठी निम्मी कन्नड. 'स्वल्प सर की अण्णा' म्हणतो मला, आणि मी त्याच्याहून लहान! आम्ही पुणेकर त्याला त्यावरून जाम पिडतो. माझं कन्नड चार वर्षांत 'सरी'च्या, म्हणजे 'बरं'च्या, पुढे गेलं नाही. काही अडलं नाही.

परवा टीम लीडची जागा त्याला मिळाली. मिळू दे.

२५ जानेवारी, शनिवार

हयवदनला मारलं. तिरुचीच्या हॉस्पिटलात बाकावर बसून लिहितोय.

दुपारी मला दात सापडला. अर्ध्या तळहाताएवढा! दगडात रुतलेला, कडा अजून करवतीसारखी. पालथा पडून ब्रशने माती काढत होतो, हाक मारायची अजून राहिली होती. भार्गवी पलीकडच्या घळीत. वरच्या उतारावरून हयवदन उतरायला लागला, त्याच्या पायाखालचे दगड सुटून माझ्या डोक्यावर यायला लागले. मी ओरडलो, "हळू! हळू!" त्याने ऐकलं. माझ्याकडे बघितलं — आणि हसत पळत सुटला. आधीपेक्षा जोरात. घसरला तो थेट दातावर. बुटाखाली चुरा.

हसत होता हरामखोर!

शेजारी पडलेली हातोडी उचलली. लाकडी दांड्याने त्याच्या तोंडावर हाणली. तो खाली बसला, काहीतरी बोलायला गेला, तेव्हा पुन्हा हाणली. कट्‌कन आवाज आला. मग लाथा. किती ते मोजलं नाही. भार्गवीने मागून केस धरून ओढलं तेव्हा थांबलो. बरं वाटत होतं. खोटं कशाला लिहू?

डॉक्टरांनी विचारलं तेव्हा हयवदनने हातानेच खूण केली — घसरून पडलो म्हणून. मोठेपणा दाखवतोय.

२८ जानेवारी, मंगळवार

हयवदनचा जबडा दोन ठिकाणी मोडलाय. तारांनी बांधलाय, महिनाभर बोलायचं नाही. आज त्याने भार्गवीबरोबर चिठ्ठी पाठवली. दोनच शब्द: 'तूच बोलावलंस.'

मी बोलावलं? डोकंच फिरलं. हळू म्हणालो होतो मी, मराठीत, बेंबीच्या देठापासून! भार्गवीसमोर चिठ्ठी फाडली. तिने तुकडे वेचून पर्समध्ये टाकले. मी त्याचा नंबर ब्लॉक केला.

२९ जानेवारी

तो येईपर्यंत लीड मी. नाही म्हणालो नाही.

३० जानेवारी, गुरुवार

बेळ्ळंदूरला ऑफिसच्या पार्किंगमध्ये हयवदनचा थोरला भाऊ श्रीहरी उभा होता. बँकेत कामाला आहे, चष्मा लावतो, देवमाणूस म्हणतात त्याला. त्याने चष्मा काढून खिशात ठेवला आणि माझं डोकं खांबावर आपटलं. मग गुडघा पोटात. मी पडल्यावर गालावर बूट ठेवून उभा राहिला. वॉचमन लांबूनच बघत होता.

"आमच्या अम्माने तुला दर गुरुवारी जेवायला वाढलं," म्हणाला. "आज पण गुरुवारच आहे."

मीही त्याच्या पोटरीला कडकडून चावलो. तोंडात रक्त आलं, त्याचं की माझं कळलं नाही. खालची दाढ हलतेय. हयवदन बरा झाला की दोघा भावांना बघून घेईन.

१ फेब्रुवारी, शनिवार

दाढेचा ठणका सहन होईना. एचएसआरमधल्या मेडिकलमध्ये गेलो. गाल सुजलेला, धड बोलता येईना. काउंटरवरच्या बाईंनी कन्नडमध्ये विचारलं, "हल्लु नोवा?"

मला वाटलं, हळू बोल म्हणतायत. मान हलवली, कळलं नाही म्हणून. त्यांनी ओठ वर करून स्वतःच्या दातावर बोट टेकवलं.

"हल्लु," म्हणाल्या. "हल्लु."

मीच बोलावलं होतं त्याला.